तंबूपुढचे अंगण

एक खडू आणि मोजपट्टी घ्या. वर्गातली बाके भिंतीकडे सरकवा आणि मोकळ्या झालेल्या फरशीवर दोन मीटर लांब व पावणेदोन मीटर रुंद असा एक आयत आखा. त्याचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर भरेल. दोन खाटा शेजारीशेजारी टाकल्या, की हा आयत जवळजवळ संपला. आता त्यात तुमचे अंथरूण, कपड्यांची पेटी, दप्तर आणि घरातल्या भांड्याकुंड्यांचा तुमच्या वाट्याचा भाग मनातल्या मनात मांडून पाहा.

हा आकडा आम्ही उगीच निवडलेला नाही. युद्धामुळे किंवा छळामुळे ज्याला आपला देश सोडून पळावे लागले, अशा माणसाला छपराखाली निदान एवढी जागा मिळालीच पाहिजे, असे मदतकार्य करणाऱ्या अनेक संस्थांनी मिळून ठरवले आहे. त्यांनी १९९७ सालापासून एक नियमपुस्तिका तयार करायला घेतली. ती ‘स्फिअर’ या नावाने ओळखली जाते. थंड प्रदेशात माणसांना दिवसाचा बराच वेळ आत काढावा लागतो, म्हणून तिथे हाच आकडा साडेचार ते साडेपाच चौरस मीटरपर्यंत जातो. पुस्तिकेत असे आणखी कितीतरी आकडे आहेत. माणशी रोज निदान १५ लिटर पाणी. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसे. वीस माणसांना एक शौचालय आणि ते राहत्या जागेपासून ५० मीटरपेक्षा दूर नसावे. छपराची उंची निदान दोन मीटर, उष्ण प्रदेशात २.६ मीटर.

यांतला एक आकडा मात्र नीट पाहण्यासारखा आहे. छपराखाली माणशी ३.५ चौरस मीटर पुरतात असे म्हणणारी हीच पुस्तिका संपूर्ण छावणीसाठी जमीन मागते, ती माणशी ४५ चौरस मीटर! म्हणजे छपराखालच्या एका चौरस मीटरमागे छपराबाहेर जवळजवळ बारा चौरस मीटर झाले. एवढी जागा कशाला हवी? रस्ते, गटारे, शाळा, दवाखाना, आगीपासून बचावासाठी सोडलेले मोकळे पट्टे, हे सारे त्यात येते. पण एवढ्यावर हिशेब मिटत नाही. बेघर माणसासाठी घर उभारायचे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे छप्पर येते. ज्यांनी अशा छावण्यांत वर्षानुवर्षे दिवस काढले, त्यांनी स्वतःच्या हातांनी सर्वांत आधी काय बांधले हे पाहिले, तर उत्तर वेगळे मिळते. ती हकीकत सांगण्यापूर्वी छपराची गोष्ट थोडक्यात उरकू.

छपराखाली

जॉर्डन देशाच्या उत्तरेस, सीरियाच्या सरहद्दीपासून जवळच, मफ्राक शहराच्या बाजूला झातारी नावाची छावणी आहे. सीरियातल्या यादवीमुळे पळून आलेल्या लोकांसाठी ती २८ जुलै २०१२ रोजी उघडली. उघड्या वाळवंटी जमिनीवर तंबूंच्या रांगा ठोकल्या गेल्या. एका वर्षाच्या आत तिथली वस्ती लाखाच्या पलीकडे गेली.

वाळवंटातल्या तंबूत राहणे म्हणजे काय, हे तुम्ही शिकलेल्या उष्णतेच्या प्रकरणावरून सहज ताडता येईल. उन्हाळ्यात तंबूचे कापड किंवा पन्हाळी पत्रा इतका तापतो, की हात लावता येत नाही. पातळ पत्र्यातून उष्णता वहनाने क्षणात आरपार जाते आणि मग तापलेल्या छपराकडून प्रारणाने खाली बसलेल्या माणसांच्या डोक्यावर उतरते. आतली हवा फार तापलेली नसली, तरी डोके तडकते ते यामुळेच. रात्री उलटा प्रकार. निरभ्र आकाशाखाली पत्रा आपली उष्णता भराभर बाहेर टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाण्याची वाफ बाहेर सोडतो. पाच माणसांच्या कुटुंबाचे आठ तासांचे हे पाणी दीड लिटरच्या वर जाते. ती वाफ थंड पत्र्याला लागून थेंबांच्या रूपाने अंथरुणावर टपकते. बाहेर पावसाचा थेंब नसताना पहाटे पांघरूण ओले कसे, याचे हे कारण.

यावर उपाय तसा जुनाच आहे. एकाऐवजी दोन पदर करायचे आणि मधे हवा खेळती ठेवायची. वरचा पदर ऊन झेलतो, मधली तापलेली हवा अभिसरणाने बाहेर निघून जाते, खालचा पदर त्यामानाने थंड राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-विभागाचा कुटुंबासाठीचा तंबू असाच दुहेरी असतो. त्याच्या मुख्य खोलीचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर आहे.

हा प्रयोग शाळेत जरूर करून पाहावा. सारख्या आकाराची दोन खोकी घ्या. दोन्हींवर पत्र्याचे झाकण ठेवा. एका झाकणावर चार काड्यांच्या आधाराने पाच सेंटिमीटर उंचीवर पांढरे कापड ताणा. दोन्हींत तापमापी ठेवून भर दुपारी अर्धा तास उन्हात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. मग कापड झाकणावर सरळ टेकवून तोच प्रयोग पुन्हा करा. मधल्या हवेचा वाटा किती, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

इतके करूनही तंबू तो तंबूच. जानेवारी २०१३ मध्ये झातारीत जोराचा पाऊस झाला, छावणीत पाणी भरले आणि अनेक तंबू कोसळले. त्यानंतर हळूहळू तंबूंच्या जागी पत्र्याच्या तयार खोल्या आल्या. यांना तिथे ‘कॅरव्हॅन’ म्हणतात. साधारण पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, एक दार आणि खिडक्या. क्षेत्रफळ १५ चौरस मीटर. रचनाकारांनी त्या नकाशाप्रमाणे ओळीने मांडल्या.

आणि मग त्या ओळी चालू लागल्या!

चालत्या खोल्या

झातारीतले बहुसंख्य लोक दक्षिण सीरियातल्या दरा भागातले. त्यांच्या गावाकडचे घर अंगणाभोवती बांधलेले असते. आपल्या जुन्या वाड्यातला चौक आठवा, म्हणजे कल्पना येईल. चोहोबाजूंनी खोल्या, मधे मोकळी जागा, तिथे झाड, पाण्याचे लहानसे कारंजे. बायका तिथे निवांत बसतात, मुले खेळतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या परक्याची नजर आत पोचत नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला ओळीतली खोली मिळाली, तर तिचे दार उघडताच समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे दुसऱ्याचे दार. बायकांना दार लावून आत तापत बसण्यावाचून गत्यंतर नाही.

लोकांनी काय केले? भंगारातल्या लोखंडाला चाके जोडून गाडे बनवले, त्यांवर आपल्या खोल्या चढवल्या आणि नातलगांच्या खोल्यांशेजारी नेऊन ठेवल्या. दोन खोल्या समोरासमोर किंवा काटकोनात ठेवायच्या, मधल्या जागेवर जुन्या तंबूचे कापड ताणायचे, उघड्या बाजूला पत्र्याची आडभिंत घालायची. झाले अंगण! कित्येकांनी त्यात सिमेंटची जमीन केली, फुलझाडे लावली, पिंजऱ्यांत पक्षी पाळले. काहींनी तर अंगणात लहान कारंजीही बांधली. वाळवंटात, जिथे पाणी मोजून मिळते, तिथे कारंजे म्हणजे चैन, असे एखाद्याला वाटेल. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेते, हे विसरू नका. तेच ते पाणी फिरवणारे छोटे कारंजे सावलीतल्या कोरड्या हवेला चांगला गारवा देते. शिवाय पाण्याचा आवाज! त्याची कॅलरी कोणी मोजलेली नाही.

चुलीचेही असेच झाले. सुरुवातीला बऱ्याच कुटुंबांत मिळून एक सामाईक स्वयंपाकघर आणि ठराविक अंतरावर सामाईक शौचालये होती. हिशेबाने ती पुरेशी होती. पण परक्या माणसांसमोर ताटकळत स्वयंपाक करणे बायकांना रुचेना, आणि अंधारात लांबच्या शौचालयाकडे जायला तर भीतीच वाटे. लोकांनी त्या सामाईक इमारतींचे सामान थोडेथोडे काढून नेले आणि आपापल्या अंगणाच्या कडेला स्वतःची चूल आणि स्वतःचे शौचालय बांधले. कागदावर ही मोडतोड दिसते. नीट पाहिले, तर मूळ नकाशातली चूक लोकांनी दुरुस्त केली असेच म्हणावे लागते.

मात्र या दुरुस्तीतून नवे प्रश्नही उभे राहिले. घरोघरच्या सांडपाण्यासाठी लोकांनी खड्डे खणले. छावणीच्या खाली भूजलाचा साठा आहे आणि जॉर्डनसारख्या कोरड्या देशात त्याचे मोल फार. खड्ड्यांतली घाण झिरपून त्यात मिसळली असती, तर छावणीबरोबर आसपासच्या गावांचेही पाणी नासले असते. अखेर घरोघर पाण्याचे नळ आणि मलवाहिन्या घालण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. विजेच्या बाबतीतही लोकांनी खांबांवरून धोकादायक तारा ओढल्या होत्या. २०१७ साली १२.९ मेगावॅटचे सौर वीजकेंद्र तिथे उभे राहिले. अंगण लोकांनी करावे हे ठीक, पण गटार आणि विजेचे जाळे एकट्यादुकट्याने होत नाही. ते आधीच जमिनीत घालून ठेवले असते, तर पुढचा बराच त्रास आणि खर्च वाचला असता.

छावणीच्या मुख्य रस्त्यावर दुकानांची रांग लागली: भाजी, भाकरी, मोबाइल दुरुस्ती, नवरीचे पोशाख भाड्याने देणे, सारे काही. मदतकार्यावरच्या लोकांनी या रस्त्याला गमतीने पॅरिसच्या प्रसिद्ध रस्त्याचे नाव दिले, ‘शाँझ एलिझे’. त्यात ‘शाम’ या शब्दावर कोटी आहे, कारण दमास्कसला आणि त्या साऱ्या प्रदेशाला अरबी लोक ‘शाम’ म्हणतात.

आखीव आणि एकाकी

झातारीचा हा पसारा पाहून पुढच्या छावणीच्या वेळी सगळे आधीच आखून ठेवायचे ठरले. अम्मानच्या पूर्वेला वाळवंटात अझराकची छावणी एप्रिल २०१४ मध्ये उघडली. इथली घरे झातारीच्या खोल्यांपेक्षा मोठी, सहा मीटर बाय चार मीटर, म्हणजे २४ चौरस मीटरची. पाच माणसांना माणशी ४.८ चौरस मीटर! भिंती पन्हाळी पत्र्याच्या, आतून उष्णतारोधक थर. वस्तीचे वेगवेगळे विभाग, त्यांच्यामधे मोकळे पट्टे, प्रत्येक विभागात सोयी. नियमपुस्तिका हाती घेऊन तपासायला गेलात, तर अझराकला झातारीपेक्षा जास्त गुण द्यावे लागतील.

पण घरे जमिनीत पक्की रोवलेली होती. ती हलवता येत नव्हती. सारी पांढरी, सारखी, सरळ रांगेत. विभाग एकमेकांपासून इतके लांब, की नातेवाइकाकडे जायचे तर उन्हातून मोठी पायपीट. झाड नाही, सावली नाही. घरांत वीज आली ती २०१७ साली, सौर वीजकेंद्र झाल्यावर. तोवर रात्री अंधारातच काढावी लागे. झातारीची गजबज तिथे दिसेना, आणि ज्या संख्येसाठी छावणी आखली होती तिच्या जवळपासही वस्ती कधी पोचली नाही.

तरी लोक स्वस्थ बसले नाहीत. दारापुढे पडदे लावून आडोसा, टाकाऊ बाटल्या-डब्यांतली बाग, हाताने बनवलेले कारंजे, कबुतरांचे खुराडे, असे नाना उद्योग अझराकमध्येही झाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका गटाने तिथल्या रहिवाशांबरोबर त्यांची चित्रे व वर्णने गोळा केली आणि २०२१ साली त्यांचे पुस्तकही निघाले. त्यातल्या बहुतेक वस्तू पोट भरण्यासाठी किंवा ऊन-पाऊस टाळण्यासाठी अत्यावश्यक नव्हत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता तुम्ही म्हणाल, चार दिवसांच्या मुक्कामाला अंगण कशाला? मुक्काम चार दिवसांचा नसतो, हीच तर खरी अडचण. झातारीत २०१२ साली जन्मलेले मूल २०२५ साली तेरा वर्षांचे झाले, म्हणजे तुमच्यातल्या सातवी-आठवीच्या मुलामुलींएवढे. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली राजवट बदलल्यावर अनेक कुटुंबे परत जाऊ लागली. त्यांतल्या कित्येक मुलांनी तोपर्यंत छावणीखेरीज दुसरे गाव पाहिलेलेच नव्हते.

आपल्याकडेही असे एक गाव वसले होते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले पोलंडचे नागरिक इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ सालापासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. घरे म्हणजे लांबलचक बराकीच, पण त्या कुटुंबांसाठी विभागलेल्या होत्या आणि घरोघरी आपापली चूल पेटत असे. शाळा, चर्च, दवाखाना असा गावगाडा तिथे चालू होता. पोलिश लोक निघून गेल्यावर फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे तिथेच राहिली. आजचे गांधीनगर ते हेच.

रांग की आळी?

तंबू ओळीत मांडायचे, हा रिवाज लष्करातून आला. शिपायांची हजेरी घ्यायला, शिधा वाटायला रांग सोयीची. टेक्सासचा तरुण अभियंता फ्रेड क्युनी याला हे खटकले. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागात लोक गटारांसाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांतही राहत होते. त्या वर्षी क्युनीने भारतातल्या छावण्या जवळून पाहिल्या. पुढे २३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातले मनाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तिथल्या बेघरांसाठी मसाया गावाजवळ त्याने जी छावणी आखली, तीत तंबू एका सामाईक मोकळ्या जागेभोवती गटागटाने मांडले. शेजारी शेजाऱ्याला ओळखू लागला, की चौक कोण झाडणार, लहान मुलांवर लक्ष कोण ठेवणार, हे ठरवायला बाहेरचा मुकादम लागत नाही, असा त्याचा अनुभव. निर्वासितांच्या छावण्यांची आखणी करणाऱ्यांनी ही पद्धत पुढे उचलून धरली. क्युनी स्वतः १९९५ साली चेचन्यात मदतकार्यासाठी गेला असता नाहीसा झाला.

मोकळ्या जागेचे आणखी एक काम आहे, आणि ते जीवनमरणाचे आहे. बांगलादेशात कॉक्स बझारजवळ, ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून आलेल्या सात लाखांवर रोहिंग्यांच्या झोपड्या डोंगरउतारांवर खेटून उभ्या राहिल्या. बांबू आणि ताडपत्री, दुसरे काही नाही. पक्के बांधकाम करायला परवानगी नव्हती. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली आणि सुमारे दहा हजार झोपड्या जळाल्या. काटेरी तारेच्या कुंपणामुळे पळणेही अवघड झाले. वस्तीत दर ३०० मीटरला ३० मीटर रुंदीचा मोकळा पट्टा ठेवा, दोन झोपड्यांत निदान दोन मीटर अंतर ठेवा, असे नियमपुस्तिका सांगते. उतारावर, एवढ्या गर्दीत ते पाळायचे कुठून?

बांबूची वेगळीच कथा आहे. घाईघाईने तोडलेल्या कोवळ्या बांबूत पिष्ट भरपूर असते आणि ते खाणारा भुंगेरा बांबू आतून पोखरून पीठ करतो. वर्ष-दोन वर्षांत खांब मोडतो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बांबू बुडवून ठेवला, की किडीला ते अन्न विषारी होते आणि बांबू कित्येक वर्षे टिकतो. त्याचा बुंधा ओल्या मातीत न रोवता लोखंडी पायावर ठेवला, तर आणखी उत्तम.

साहित्य निवडताना माणसांचा विचार न केल्यास काय होते, याची एक मासलेवाईक गोष्ट रुआंडातली आहे. १९९४ सालच्या नरसंहारानंतर तिथल्या निर्वासितांनी झोपड्यांच्या सांगाड्यांसाठी बेसुमार झाडे तोडली. ती वाचवावीत म्हणून त्यांना ॲल्युमिनियमच्या नळ्या दिल्या. लोकांनी नळ्या बाजारात विकल्या आणि पुन्हा झाडे तोडली! उपाशी माणसापुढे महाग धातू ठेवला, तर दुसरे काय होणार? मग जपानी वास्तुकार शिगेरू बान याने जाड कागदाच्या नळ्या सुचवल्या. त्या भार पेलतात, पण बाजारात त्यांना किंमत नाही.

याच बानने १९९५ च्या भूकंपानंतर कोबे शहरात व्हिएतनामहून आलेल्या जुन्या निर्वासितांसाठी कागदी नळ्यांची घरे बांधली. सरकारी तात्पुरती घरे कामाच्या ठिकाणांपासून लांब होती, म्हणून ही माणसे बागेतच ताडपत्रीखाली राहत होती. वाळूच्या पिशव्या भरलेली बियरची खोकी हा त्या घरांचा पाया. दोन घरांमधे १.८ मीटर जागा सोडली होती. तिचा उपयोग सामाईक बैठकीसारखा होत असे.

आता पुन्हा वर्गात या. एका सेंटिमीटरला एक मीटर हे प्रमाण धरून पुठ्ठ्याचे सहा बाय चार सेंटिमीटरचे सोळा आयत कापा आणि प्रत्येकाला एक दार रंगवा. एका घरात पाच माणसे धरली, तर वस्ती ऐंशी जणांची झाली. माणशी ४५ चौरस मीटरच्या हिशेबाने त्यांच्या वाट्याला ३६०० चौरस मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद येईल. आधी घरे रांगेत मांडा आणि कुठल्या दारातून कुठले दार दिसते ते मोजा. मग तीच घरे चौकांभोवती मांडून पुन्हा मोजा. चार शौचालये, एक नळ आणि रात्री जळणारे दोन दिवे बसवा. शौचालय कोणाच्याही दाराशी नको, पण तुमच्या वयाच्या मुलीला रात्री एकटीने तिथवर जाता आले पाहिजे. तुमचा नकाशा पुरा झाला, की शेजारच्या बाकावरच्या मुलांना त्यातली कोणतीही चार घरे हवी तशी हलवू द्या आणि त्यांनी ती कुठे नेली ते पाहा.